साहेबाच्या मागोमाग पाण्यात

पाण्यात उतरण्यात पुरुषोत्तमचा फायदा उघड होता. वर्क परमिट संपत आलेलं, लेकीची, मायराची, शाळा नुकती सुरू झालेली. मुक्काम वाढायचा तर ग्रॅहमची, म्हणजे त्याच्या इथल्या, इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या मॅनेजरची, शिफारस हवी. आणि ग्रॅहम कुणाशी मोकळा बोलायचाच, तर ते आपल्या रविवारच्या पोहण्याबद्दल. गावच्या विहिरीत मुटके मारून वाढलेल्या माणसाला एवढा हिशेब पुरेसा होता.

ऑक्टोबर होता. वाळू काढून झालेल्या जुन्या खाणीत साठलेलं तळं. काठावर सीमा थर्मास घेऊन उभी राहिली. गाडीच्या मागच्या सीटवर भाड्याने आणलेला वेटसूट तसाच पडून होता.

"अहो, घाला ना तो. आणलाय कशाला मग?"

"साहेब नुसत्या चड्डीवर, आणि मी रबरात गुंडाळलेला? बरं दिसतं का ते?"

"साहेबाला इथल्या पाण्याची सवय आहे. तुम्हाला गीझरची."

साठीला टेकलेला ग्रॅहम आला, जाडा कोट कुंपणावर टाकला आणि याच्याकडे बघून थबकला. "वेटसूट नाही? अरे, त्यात लाज कसली?"

"नो नो, आय ॲम यूज्ड टू इट," पुरुषोत्तम हसत म्हणाला.

पाणी पोटाला लागलं तेव्हा आत गेलेला श्वास बाहेर यायला तयार होईना. तरी साहेबाच्या बरोबरीने त्याने थोडे हात मारले. मग हात त्याचे राहिले नाहीत. ग्रॅहमने काखेत धरून चिखलातून ओढत त्याला काठावर आणलं, स्वतःचा कोट त्याच्या अंगावर चढवला आणि लहान मुलाची लावावीत तशी बटणं लावली. सीमा त्याची पाठ चोळत राहिली.

पुरुषोत्तमचे दात वाजत होते. पण आत्ता बोललो नाही तर पोहणं फुकट, एवढं त्या अवस्थेतही त्याला कळत होतं.

"ग्रॅहम, माझ्या एक्स्टेन्शनवर... तुमची सही..."

ग्रॅहम तळ्याकडे बघत राहिला. "माझी सही शुक्रवारपर्यंतच चालणार, पुरू. सगळं डिपार्टमेंट पुण्याला जातंय. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. नोट्स तर तूच लिहिल्यास."

त्यानेच लिहिल्या होत्या. नॉलेज ट्रान्सफर. उन्हाळाभर ग्रॅहमच्या शेजारी खुर्ची टाकून, तो काय करतो, कसं करतो, ते टिपायचं आणि संध्याकाळी पुण्याला पाठवायचं. इतकं चोख, की ग्रॅहमने स्वतः पाठ थोपटली होती. काम त्या खुर्चीतून उठून गेलं की शेजारच्या खुर्चीचं काय, हे मात्र त्याने हिशेबात धरलंच नव्हतं.

"मग मायराची शाळा..." सीमा म्हणाली, आणि थांबली. मराठी न कळूनही ग्रॅहमने मान हलवली. तिने चहा ओतला आणि कप ग्रॅहमच्या हातात दिला.

काम पुण्याला गेलं होतं. त्याच्या मागोमाग तिघं जाणार होती. कोट पुरुषोत्तमच्या अंगावर होता. ग्रॅहम ओल्या चड्डीवर वाऱ्यात उभा होता, आणि दोन्ही हातांनी धरलेला कप त्याला तोंडापर्यंत नेता येत नव्हता.