डब्यातला अंगठा

चौथ्या डब्यातही अंगठाच निघाला.

बंटीनं वही उघडली, पाहिली आणि दगडावर आपटली. निळ्या शाईचे चार अंगठे, एकाखाली एक, ठसठशीत. "घ्या! याही बारीले आपल्या अगोदर कोनी तरी येऊन गेलं. चार रविवार झाले, ताई. चार!"

ममताताईचं तोंड उतरलं. उतरणारच. मारेगावच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी ही पोरगी नागपूरच्या एका शिबिरातून हा खेळ शिकून आली होती आणि गावातल्या युवा मंडळापुढे तासभर घसा कोरडा करून तिनं तो समजावला होता. रानात डबा लपवायचा. डब्यात एक वही, एक शिक्का, एक शाईचा पॅड. चिठ्ठीतल्या खुणा वाचत डबा शोधायचा. सापडला की डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. ज्याचा शिक्का पहिला, तो आठवडाभर मंडळाचा कप्तान. पोरांनी जुन्या चपलांचं रबर कोरकोरून आपापले शिक्के बनवले होते. समीक्षाचं कापसाचं बोंड तर अगदी हुबेहूब. बंटीनं वाघ कोरला होता. लोक त्याला मांजर म्हणायचे, पण बंटीच्या तोंडावर नाही.

आता हा वाघ चार रविवार झाले कोणाच्या तरी अंगठ्याखाली बसत होता. बंटीचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

त्यातून भानगड अशी, की डब्याची जागा ममताशिवाय कोणालाच ठाऊक नसायची. दर सोमवारी सकाळी क्लासला जाण्याआधी ती टेकडीवर डबा लपवून यायची. चिठ्ठी मात्र थेट रविवारी, विहारातल्या वाचनालयात, सगळ्यांच्या समोर. या आठवड्यात ती तापानं फणफणली होती, म्हणून डबा बुधवारी ठेवला. तरी अंगठे आहेतच.

"मी सांगतो काय झालं ते," बंटी म्हणाला. "ताई कोनाले तरी अगोदरच जागा सांगून राह्यल्या."

"मी कायले सांगू रे?"

"मंग काय डबा सोताहून अंगठे काढते? चीटिंग हाय ही, ताई. पुढच्या रविवारपासून मी नाही येत. त्यापेक्षा मोबाईल बरा."

अकरा पोरांचं मंडळ आधीच चारांवर आलं होतं. बंटी गेला की उरलेले तिघं त्याच्यामागे जाणार, हे ममताला पक्कं माहीत होतं. एकेकाच्या घरी खेटे घालून, मोबाईलमध्ये खुपसलेल्या मुंड्या वर करून तिनं हे मंडळ उभं केलं होतं. आणि वर लबाडीचा आळ! तिला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून ती खाली बसून डब्याचं झाकण लावू लागली. ते मेलं लागेना.

तेवढ्यात झुडपांतून आधी सात-आठ गाई आल्या, मग एक काठी, आणि मग काठीमागून उकंडाबाबा. गावची ढोरं चारणारा म्हातारा. तो कोणाकडे न बघता सरळ दगडापाशी आला. वही पुढ्यात ओढली, पॅडवर अंगठा दाबला आणि पाचवा ठसा उमटवला. मग अंगठा धोतराला पुसला.

पोरं वहीवर वाकली. बंटी तेवढा उसळला. "बाबा, तुमी होय! साऱ्या खेळाची वाट लावली न आमच्या! चिठ्ठी कोनं वाचून दाखवली तुमाले?"

"कोनती चिठ्ठी? चाळीस वर्सं झाले या टेकडीवर ढोरं चारून राह्यलो. अठीसा दगड हलला तं मले समजन नाही?" बाबा मग ममताकडे वळला. "वहीवाल्या मॅडम तुमीच काय? बरं झालं भेटल्या. या सोमवारी वही काहून नव्हती? सारी टेकडी पालथी घातली मी. खाडा पडला न माहा!"

बंटी फिस्सकन हसला. ममतानं डोळे पुसले आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, "बाबा, ही हजेरीची वही नाही. सरकारी काम नाही हे. याची मजुरी नाही भेटत."

"मजुरी मांगितली कोनं?" म्हातारा भडकलाच. "मजुरी गाव देते. पन चाळीस वर्सांत एका मानसानं इचारलं नाही, का उकंड्या, तू आज आलता काय? सांजच्याले लोक गाई मोजून घेते. मले कोन मोजते? पयल्या बारीनं कोनी अठी वही ठेवली, शाई ठेवली. मंग लावली मी हजेरी, रोजच्या रोज. चुकलं काय?"

ममताला आपल्या त्या सरकारी समजुतीची लाज वाटली. समीक्षा उगाच गाईची पाठ खाजवत उभी राहिली.

बंटीनं वही उचलली. आता हा पान फाडतो, असंच सगळ्यांना वाटलं. त्यानं खिशातून पेन काढलं. पहिल्या अंगठ्याच्या वर जरा जागा होती, तिथं बारीक अक्षरांत लिहिलं, सोमवार. त्याखाली, मंगळवार. आणि पॅड म्हाताऱ्यापुढे धरला. "आना बाबा अंगठा इकडं. चूक ताईची हाय, तुमची नाही. दोन्ही खाडे भरून घेऊ."

उकंडाबाबानं सोमवारपुढे अंगठा दाबला, चांगला नेट लावून. बंटीनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आता हा मंगळवारचा."

बाबानं हात झटकन मागे घेतला आणि चोराकडे बघावं तसं बंटीकडे बघितलं.

"मंगळवारी कायचा अंगठा, बे? मंगळवारी तं मी मारेगावले पोरीकडं गेलतो."