खळ

सिरिंज बर्फात होती आणि सर टेबलावर. छाती उघडलेली. सर्जनने मान वर करून विचारलं, "मॅडम, तयार?"

सिरिंजमध्ये खळ होती. प्रयोगशाळेत सगळे तिला खळच म्हणत, कारण दिसायला ती अगदी कपड्यांना घालायच्या खळीसारखी. समुद्री शेवाळापासून मॅडमनेच ती बनवली होती. झटक्याने हृदयाचा जो भाग मरतो, तिथे सुईने सोडायची. अंगाच्या उबेने ती घट्ट होते, पातळ पडलेली भिंत आतून धरून ठेवते, शेजारच्या जिवंत पेशींना पाय रोवायला जागा देते आणि मग आपली आपण विरून जाते. मात्र बर्फाबाहेर जरा जास्त राहिली, की सिरिंजमध्येच तिच्या गाठी होतात. अशी गाठ आत गेली, की खेळ खलास. नुसतं बघून ते कळत नाही. तिच्या अंगठ्याला कळायचं.

"पोस्टरं चिकटवायला बरी आहे ही," असं सर एकदा भर बैठकीत म्हणाले होते. सगळे खो खो हसले होते. पुढे मेंढीचं हृदय सावरलं आणि खळ एका रात्रीत सरांची झाली. पेपरवर त्यांचं नाव झळकलं. तिच्या वाट्याला आभारातले 'इतर सहकारी' आले. तिने ब्र काढला नाही. डूख मात्र धरला.

आता माणसांवरच्या चाचणीचे प्रमुख म्हणून सर मिरवत होते, तोच त्यांना झटका आला. औषधांनी हात टेकले. पहिला पेशंट व्हायला सर एका पायावर तयार झाले.

"तूच दे गं," सरांच्या बायकोने ऑपरेशनआधी तिचा हात धरला होता. "त्यांचा तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही."

भरवसा! तिला हसूच आलं.

तिने सिरिंज बर्फातून काढली आणि मुठीत धरली. या माणसाने तिची ऐन उमेदीची वर्षं गिळून ढेकर दिला होता. मुठीत ऊब चढत गेली. अंगठ्याखाली दट्ट्या जड झाला.

"मॅडम?"

तिने ती सिरिंज कचऱ्यात टाकली. बर्फातली दुसरी उचलली. सर्जन जागा दाखवत गेला आणि ती जीव ओतून खळ सोडत गेली.

"मोठं मन आहे तुमचं," नंतर हात धुताना सर्जन म्हणाला.

सर वाचले. मेलेली भिंत हलू लागली. उशांना टेकून बसता आलं, तसे ते पहिल्यासारखे हुकूम सोडू लागले.

"पेपर लिहायला घे. जगभर गाजणार हा. माझं नाव पहिलं टाक. तुझंही घालू शेवटी कुठेतरी."

तिने त्यांची नाडी पाहिली. छान, ठणठणीत चालली होती. तिला मनापासून बरं वाटलं. सर गेले असते, तर या खळीला कायमचं त्यांचंच नाव पडलं असतं.

"पेशंट म्हणून सही केलीत, तेव्हाच संशोधकांतून बाद झालात तुम्ही. तुमचाच नियम आहे," ती शब्द साखरेत घोळवत म्हणाली. "पेपरात असाल की! पहिला पेशंट म्हणून. फक्त पेशंटचं नाव छापत नाहीत, सर."