पत्ती काढलेला सूर

जर्मनीतल्या क्लिंगेनथालच्या कारखान्यात मी अकॉर्डियन सुरात लावायचे. समोरच्या टेबलावर ओटमार सरसानं भाते चिकटवायचा.

त्या आठवड्यात माझ्यासमोरच्या नव्या अकॉर्डियनमधून खर्जातला एक सूर, कळ न दाबताच, मधूनमधून वाजू लागला. मी मान वर केली की ओटमार खाली बघत असायचा.

"ओटमार, पुरे झाली थट्टा."

"माझे दोन्ही हात सरसात आहेत, वाल्ट्राउट. तुझेच कान वाजताहेत."

तो हसला आणि माझी खात्रीच पटली. हा माझं काम बिघडवतोय, असं मी मुकादमांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला लाकडं वाहायला पाठवलं. वीस वर्षं समोरासमोर बसलो होतो.

दुपारी सूर पुन्हा वाजला.

मी दाराला कडी घातली. पेटी उघडून त्या सुराची पोलादी पत्ती काढली, पेटी पुन्हा बसवली. सूर वाजलाच. मग एकेक करून सगळ्या पत्त्या काढल्या. आता आत वाजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. भाता दाबून पाहिला, तर नुसती हवा बाहेर पडली.

मी भाता मिटला, तो उघडू नये म्हणून असलेल्या दोन्ही चामडी पट्ट्यांची बटणं लावली आणि ओटमारची माफी मागायला निघाले.

पाठीमागे पट्टीचं एक बटण सुटल्याचा आवाज आला. मग दुसरं.

वळून पाहिलं. टेबलावर भाता घडीघडीनं उघडत होता, बोलण्याआधी माणूस छाती भरून श्वास घेतो तसा.