तारेतल्या चिठ्ठ्या

“मोठ्यानं बोला, नाना!” चौकातून ओरडा झाला. पण संशोधन ग्रंथालयाचे शिपाई गेनबानाना बत्तीस वर्षं दबक्या आवाजातच बोललेले. माइकवरही आवाज चढेना. ‘तिथं येतं कोण?’ असं म्हणून सरकारनं ग्रंथालयाचं अनुदान कापलं होतं. त्याविरुद्ध घोषणा देणारा अख्खा चौक नानांचं ऐकायला चिडीचूप झाला.

वाचकांनी पुस्तकं मागताना दिलेल्या, तारेत ओवून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्या नाना वाचू लागले. ज्याचं नाव येई, त्याचा हात वर जाई.

“वैजयंती काळे, राशीन. पारध्यांवरचे इंग्रजी अमदानीतले कायदे.”

बंदोबस्तावरच्या फौजदारबाईंनी टोपी काढून काखेत धरली आणि हात उंच केला.

“मोजा म्हणावं, कोण कोण येतं ते!” नानांचा आवाज माइकशिवाय चौकभर घुमला.