नऊ नंबरचे बूट

शौर्यपदक. दाढीचा ब्रश. कागदाचे बोळे कोंबलेले नऊ नंबरचे बूट. संग्रहालयाच्या काचपेटीसाठी म्हाताऱ्या सैनिकाने एवढंच आणलं होतं. वस्तू मांडणारी मुलगी हसली, “आजोबा, तुमचा पाय तर सातचा दिसतोय!” “फौजेत बूट बदलून मिळत नाहीत, पोरी. पायच वाढवावे लागतात.” पाहुणी म्हणून आलेली बाई मात्र हसली नाही. तिचा भाऊ त्याच्याच तुकडीत होता, युद्धातून परतला नव्हता. तिने बूट उचलला, बोळा काढून अंगठ्याचा खळगा चाचपला. “दादाला नऊच लागायचे. त्याचेच ना हे?” “त्याचेच. माझे फाटले होते. हेच घालून पुढच्या चढाईत पदक मिळालं.” “गोळी लागली तसा लगेच गेला ना तो? हाल नाही ना झाले?” “लगेच गेला, ताई. घेऊन जा बूट घरी.” सैनिकाने बूट ओढून काढले तेव्हा दादा शुद्धीवर होता.