काटा हलेना

"तू शेजारी असलीस की मला भीती वाटेल," संग्राम म्हणाला आणि त्याने बायकोचा, रेणुकाचा, सीटबेल्ट स्वतःच्या हाताने सोडला.

गाडी त्यांची रोजचीच होती. संग्रामने तिला रुंद टायर घातले होते आणि चालकाच्या भीतीवर जोर वाढवणारं ते नवं यंत्र बसवलं होतं. मनगटावरच्या पट्ट्यातून जेवढी भीती जाईल, तेवढं इंजिन जास्त खेचायचं. सुरुवातीला शर्यतीतलं त्याचं टायमिंग झपाट्याने सुधारलं. मग त्याला वेगाची सवय झाली आणि भीतीचा काटा शून्यावरून हलेना.

जुन्या धावपट्टीवर गाडी सुटली. रेणुकाने डोळे घट्ट मिटले आणि दाराची मूठ धरली.

गाडी थांबल्यावर तिने आधी काटा पाहिला. तो शून्यावरच होता.

मग तिने सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

संग्राम स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. "उद्या आपल्या ओवीला बसवून बघू या का?" तो म्हणाला. "तिच्या शाळेला सुट्टीच आहे."

एवढं बोलतानाच काटा थरथरला, आणि संग्रामचा चेहरा खुलला.