शेवटचं घर

नाताळाच्या आठवड्यात रीता चर्चची मंडळी घेऊन गोंदियातल्या एकेका आजाऱ्याच्या दारी कॅरल गात फिरली. कोणाचंच घर सुटू नये, हीच तिला काळजी.

आज दमून घरी आली, तर अर्धांगवायूनं खाटेला खिळलेली सासू दाराकडे डोळे लावून होती.

"आपल्या घरी कवा येतीन वं गानेवाले?"

मंडळी तर केव्हाच पांगली होती. चपला न काढताच रीता खाटेपाशी उभी राहिली आणि बसलेल्या आवाजात एकटीच गाऊ लागली. गाता गाता रडू फुटलं.

सासूनं धड हातानं तिला जवळ बसवलं आणि हसली.


"गानं राहू दे वं. येशूजवळ मी तुलेच मांगून राहिली होती."